वेळेशेजारचा बारीक आकडा

६ फेब्रुवारी, रविवार

जमलं एकदाचं! तीन आठवडे डोकं फोडत होते. आज दुपारी पलंगावर वेळापत्रक, नकाशा आणि पेन्सिल घेऊन बसले आणि उठले ती सगळं जुळवूनच.

बुटकीची शिष्यवृत्तीची मुलाखत १८ मार्चला, शुक्रवारी सकाळी. संस्था पार दुसऱ्या टोकाला, समुद्रावर. थेट जाणारी गाडी आहे, पण तिचं भाडं ऐकून बुटकी म्हणाली होती की मग मी मुलाखत पत्रानंच देते. म्हणून दोन गाड्या. पहिली सगळ्यात हळू आणि सगळ्यात स्वस्त, अडतीस तासांची रखडगाडी. सोमवारी, १४ तारखेला संध्याकाळी सहाला निघायचं, सकाळी आठला जंक्शनवर उतरायचं, दिवस प्रतीक्षालयात काढायचा, आणि मंगळवारी संध्याकाळी सातला दुसरी गाडी धरायची. ही दुसरी आठवड्यातून दोनदाच धावते, मंगळवारी आणि शनिवारी. म्हणजे मंगळवार चुकवून चालणारच नाही. बुधवारी सकाळी समुद्र!

बुटकीनं समुद्र पाहिलेला नाही. प्राणिशास्त्र शिकते, खेकड्यांबद्दल तासभर बोलेल, पण खेकडा पाहिलाय तो बाटलीतला. मी संख्याशास्त्रवाली, मला खेकड्यांशी काय करायचंय? पण तिला एकटीला पाठवणार थोडीच. अडीच वर्षं एका खोलीत काढलीत.

८ फेब्रुवारी, मंगळवार

योजना चांगल्या कागदावर उतरवून काढली आणि बुटकीला दिली. गाड्या, वेळा, वरचे दोन बर्थ (वरचा बर्थ दिवसभर आपला असतो, खालच्यावर सगळे येऊन टेकतात), जंक्शनवर अंघोळ कुठे करायची, पाणी कुठे भरायचं. उकडलेली अंडी पहिल्या दिवशीच संपवायची, शेंगदाणे आणि बिस्किटं शेवटपर्यंत पुरवायची. सवलतीच्या फॉर्मवर कचेरीतून सही-शिक्का घ्यायला विसरू नको, हे खाली दोनदा अधोरेखित.

तिनं तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. म्हणाली, “तुझं कधी चुकत नाही.”

वसतिगृहात मला सगळ्या टाइमटेबल म्हणतात. सुटीत घरी जायचं असलं की खोलीबाहेर रांग लागते माझ्या. पण हे वाक्य फक्त बुटकी बोलते, आणि ती बोलली की मला दिवसभर पुरतं.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

नवी आज आमच्या टेबलावर जेवायला बसली. कुणी बोलावलं? बुटकीनं!

ही नवी म्हणजे वर्षाच्या मध्येच दुसऱ्या कॉलेजातून आलेली. आमच्या समोरचीच खोली मिळाली तिला, आणि प्रयोगशाळेत बुटकीच्याच टेबलावर जागा. चाकांची बॅग आहे तिच्याकडे. हसताना मान मागे टाकते. आज दोघी कुठल्याशा बेडकावरून हसत होत्या. मी विचारलं काय झालं, तर बुटकी म्हणाली, अगं ते तिथेच असायला हवं होतं, सांगून नाही कळणार. मी तिथे कशी असेन? मी त्या वेळी सरासरी काढत होते!

पाणी प्यायले आणि उठले.

१२ फेब्रुवारी, शनिवार

बेडकाचं काय झालं ते अजून सांगितलेलं नाही.

१६ फेब्रुवारी, बुधवार

बुटकी आज एकदम लाडात. चहा आणून दिला. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

म्हणे नवीची मावशी त्याच गावात राहते, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. तिच्याकडे फुकट राहता येईल. नवी पण येते म्हणाली. शिवाय तिघींचा गट झाला तर तिसरं तिकीट निम्म्या भाड्यात मिळतं, हो ना?

हो. मिळतं. हा नियम तिला सांगितला कुणी? मीच! माझ्याच पायावर मीच धोंडा मारून घेतला होता, तोही गेल्या वर्षी.

मी म्हटलं बघू. बघू म्हणजे नाही, हे अडीच वर्षांत तिला कळायला हवं. ती “बरं झालं” म्हणून नाचत समोरच्या खोलीत सांगायला गेली.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

भांडले. खरं तर भांडण असं झालंच नाही, मीच एकटी बोलत होते. म्हणाले, तुम्ही दोघी जा. मला त्याच आठवड्यात चाचणी आहे. मावशी आहे, बेडूक आहेत, मजा करा.

चाचणी नाहीये. त्या आठवड्यात काहीच नाहीये.

वाटलं होतं बुटकी म्हणेल, मग नवी नको, आपण दोघीच जाऊ. तिनं विचारलं, नक्की? मी म्हटलं नक्की. एकदाच विचारलं. एकदाच! दुकानातला माणूससुद्धा दोनदा विचारतो.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार

आज विचारेल असं वाटलं होतं.

१९ फेब्रुवारी, शनिवार

नाही.

२१ फेब्रुवारी, सोमवार

तिकिटं काढून आल्या. सवलतीचा फॉर्म नवीनंच भरला, कचेरीतल्या कारकुनाकडून पाच मिनिटांत शिक्का मारून आणला. मला त्याच कारकुनानं एकदा तीन दिवस फिरवलं होतं. नवी मान मागे टाकून हसली असणार. माझ्या हसण्यानं कुणी शिक्के मारत नाही.

बुटकी तिकीट दाखवायला आली. दोन नावं, शेजारी शेजारी. बर्थ दोन्ही वरचे, मी सांगितले होते तसेच. मी म्हटलं छान आणि वही उघडून बसले. वही उलटी धरली होती ते मागाहून लक्षात आलं.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

माझा कागद गेला! कपाटाच्या दारावर आता नवीचा कागद आहे. तीन रंगांची शाई. गाड्यांना निळी, जेवणाला हिरवी, मुलाखतीला लाल. कडेला भरतीच्या वेळा लिहिल्यात, आणि कोपऱ्यात एक खेकडा काढलाय. अक्षर असं की छापल्यासारखं. माझं अक्षर कोंबडीचे पाय, हे काय मला माहीत नाही?

माझ्या कागदाचं काय केलं ते विचारलं नाही. विचारलं असतं तर रडू आलं असतं. कचऱ्याच्या टोपलीत पाहिलं. नव्हता. म्हणजे टोपलीही रिकामी करून झाली.

अंगाची नुसती आग होतेय. चांगली मुलगी आहे हो, म्हणतात सगळ्या. वॉर्डनबाईसुद्धा. चांगली आहे हेच तर जास्त लागतं. वाईट असती तर मला एवढे कष्ट पडले नसते.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहू की नको? लिहिते. इथे नाही लिहायचं तर कुठे?

दुपारी खोलीत एकटी होते. बुटकीचं कपाट उघडं होतं. नवीचा कागद वाचायला घेतला, चुका शोधायला म्हणूनच, खोटं कशाला बोलू. शुद्धलेखन बिनचूक. बेरीज बिनचूक. गाड्या माझ्याच, त्याच दोन्ही, उचलून ठेवलेल्या. मग वेळापत्रक काढलं आणि एकेक ओळ ताडून पाहिली. आणि सापडली!

वेळापत्रकात पोचण्याच्या वेळेशेजारी एक आकडा छापलेला असतो, मुंगीएवढा. गाडी कितव्या दिवशी पोचते ते तो सांगतो. पुष्कळांना तो दिसतच नाही. जंक्शनच्या सकाळच्या आठशेजारी तीन आहे. तिसरा दिवस! सोमवारी संध्याकाळी बसलं की मंगळवारी नाही, बुधवारी सकाळी उतरायचं. दोन रात्री गाडीत जातात आणि हिनं एकच धरलीय. अडतीस तास म्हणजे किती, हे बोटांवर मोजलं असतं तरी कळलं असतं. बुधवारी सकाळी या दोघी जंक्शनवर उतरणार, आणि यांची मंगळवारची गाडी आदल्या संध्याकाळीच निघून गेलेली असणार. पुढची शनिवारी. मुलाखत शुक्रवारी.

एक दिवस आधी निघायला हवं. मी रविवारच धरला होता, मला पक्कं आठवतंय. गाड्या माझ्या उचलल्या आणि दिवस मात्र स्वतःच्या अकलेनं घातला. भरतीच्या वेळा काढता येतात, पण गाडीतल्या रात्री मोजता येत नाहीत!

उशीत तोंड घालून हसले. खूप दिवसांनी जेवण गोड लागलं.

२६ फेब्रुवारी, शनिवार

संध्याकाळी सांगेन असं ठरवलं होतं. संध्याकाळी दोघी गच्चीत होत्या, एकमेकींना कसले तरी प्रश्न विचारत. मी दारापर्यंत गेले. बुटकी म्हणत होती, तू नसतीस तर माझं जाणंच झालं नसतं.

मी परत फिरले. कपडे वाळत घालायचे होते.

२८ फेब्रुवारी, सोमवार

सांगेन. अजून वेळ आहे. सवलतीच्या तिकिटाची तारीख निघण्याच्या पाच दिवस आधीपर्यंत बदलता येते. रविवारी निघायचं तर ८ मार्च, मंगळवार, संध्याकाळी खिडकी बंद होईपर्यंत. हे या अख्ख्या इमारतीत फक्त मला माहीत आहे.

काय छान वाटतं हे माहीत असणं. नवी आज जिन्यात भेटली, म्हणाली तू आली असतीस तर बरं झालं असतं, गाड्यांचं मला फारसं कळत नाही. मी म्हटलं, छे गं, छान केलंयस सगळं.

१ मार्च, मंगळवार

आईचा फोन. विचारत होती आवाज असा का. म्हटलं सर्दी. मग म्हणाली, बुटकी बरी आहे ना, जायचं ठरलं ना तुमचं? मी म्हटलं ठरलं. आई म्हणाली, तू आहेस बरोबर म्हणून तिच्या घरचे निर्धास्त असतील.

फोन ठेवून बराच वेळ तिथेच, व्हरांड्यातल्या फोनपाशी उभी राहिले. मागे रांग लागली होती, एक मुलगी “आटप की” म्हणाली.

३ मार्च, गुरुवार

आज एक खरं लिहून टाकते.

बुटकी पास झाली तर दोन वर्षं तिकडे. समुद्र, खेकडे, शिष्यवृत्ती. मी इथे, दुसऱ्या कुणाबरोबर तरी याच खोलीत, समोरच्या पलंगाकडे बघत. आणि ती नाही पोचली तर? तर इथेच राहील. पुढच्या वर्षी परत अर्ज करेल. आणि तोपर्यंत नवीचं तोंडसुद्धा बघणार नाही.

मला काहीच करायचं नाहीये यात. फक्त गप्प बसायचंय. गप्प बसायला कधीपासून गुन्हा म्हणतात?

वाचून पाहिलं आत्ता. शी!

४ मार्च, शुक्रवार

नवी आज प्रात्यक्षिकाच्या तयारीत होती, म्हणून बुटकी प्रश्नांची वही घेऊन माझ्याकडे आली. तू विचार, म्हणाली. पलंगावर मांडी घालून बसली, केस वर बांधले. मी विचारत गेले आणि ती सांगत गेली. खेकडा कवच टाकतो तेव्हा काही दिवस अगदी मऊ असतो, लपून राहतो, कुणीही खाऊन टाकेल अशी अवस्था. सांगताना तिचे हात चालत होते. तिला इतकं येतं! मला कल्पनाच नव्हती.

शेवटचा प्रश्न होता, या संस्थेतच का यायचंय? तिनं माझ्या हातातली वही मिटली. मग म्हणाली, हे तिथे नाही बोलणार, तुला सांगते. वडिलांनी या वर्षापुरतंच कबूल केलंय. नाही झालं तर काकांच्या दुकानात बसायचं. पुढचं वर्ष नाही.

मी विचारलं, हे नवीला माहीत आहे? का विचारलं देव जाणे. एवढ्यातही मला तेच सुचलं!

नाही म्हणाली. फक्त तुला.

५ मार्च, शनिवार

सांगायचं. आज सांगायचंच.

आज दोघी सिनेमाला गेल्या.

७ मार्च, सोमवार

कॉलेज बुडवून स्टेशनवर जाऊन आले. आरक्षणाच्या खिडकीतले काका मला ओळखतात. जाळीच्या आतूनच म्हणाले, काय बाई, या वेळी कुठली गाडी? विचारलं, दुसऱ्याच्या तिकिटाची तारीख मला बदलता येईल का? म्हणजे कुणाला न सांगता, गुपचूप? म्हणाले, मूळ तिकीट आणि ज्याचं आहे त्याची सही हवी. उद्या पाचपर्यंत. परवा आलात तर मी काही करू शकणार नाही.

म्हणजे सांगावंच लागणार.

पण कसं? “बुटके, तारीख चुकलीय” असं? की जेवताना, सगळ्यांसमोर, नवी समोर बसलेली असताना? दुसरं डोळ्यांपुढे आलं आणि तेच बरं वाटलं. काय करू, वाटलं.

८ मार्च, मंगळवार

सांगितलं.

दुपारचं जेवण. टेबलावर सहाजणी. नवी सांगत होती, मंगळवारी सकाळी जंक्शनला उतरलो की अमुक करू आणि तमुक करू. मी भात कालवता कालवता म्हटलं, मंगळवारी तुम्ही गाडीतच असाल. कसं काय, म्हणाली. मग मी वेळापत्रक काढलं. हो, बरोबर नेलं होतं, ताटाशेजारी ठेवलं होतं. त्या बारीक आकड्यावर बोट ठेवलं आणि गाडीत दोन रात्री जातात, एक नाही, हे पहिलीच्या पोराला शिकवावं तसं शिकवलं. दुसरी गाडी आदल्या दिवशीच गेलेली, पुढची शनिवारी, मुलाखत शुक्रवारी, हेही. आवाज जरा मोठाच लागला माझा. पलीकडच्या टेबलावरच्याही बघायला लागल्या.

बुटकीचा चेहरा पांढराफटक. नवी उठली, खोलीत गेली. बऱ्याच वेळानं आली. हातात तिकिटांची फाईल आणि दुमडलेला कसला तरी कागद होता. माझ्याकडे बघत राहिली, रागानं नाही, कशानं ते कळलं नाही. मग कागद फाईलमध्ये सरकवला आणि बुटकीला म्हणाली, “चुकलं माझं.”

एवढंच. ना सबब, ना रडणं. मी कितीतरी जास्त धरून बसले होते.

बुटकीनं मला विचारलं, “तुला कधी कळलं?”

“आत्ताच,” म्हटलं मी. “सकाळी सहज बघितलं.”

तिनं सगळ्यांसमोर मिठी मारली. तू नसतीस तर काय झालं असतं, म्हणाली. तेच वाक्य, गच्चीतलं. आता माझं!

मग तिघी धावत स्टेशनवर. पोचलो तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. रविवारी नवीला जमत नाही, सोमवारी दुपारी तिच्या तुकडीचं प्रात्यक्षिक आहे, बुटकीचं गेल्या आठवड्यातच झालं. सोमवारी संध्याकाळची गाडी असती तर प्रात्यक्षिक देऊन निघता आलं असतं. नवीनं खिडकीशीच तिकीट रद्द केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, तुझी चाचणी सांभाळून जमेल का तुला?

मी म्हटलं, बघते. या वेळी बघते म्हणजे हो. खिडकीतल्या काकांनी माझं नाव लिहिलं.

९ मार्च, बुधवार

जिंकले. तिकिटावर दोन नावं, शेजारी शेजारी, दुसरं माझं.

कपाटावरचा तीन रंगी कागदही गेला. बुटकी म्हणाली नवा लिही, तुझ्या हातचा. मी लिहिला, रविवारपासून. या वेळी दिवस बोटांवर मोजून. कोपऱ्यात खेकडा काढायला गेले, तो कोळी झाला.

११ मार्च, शुक्रवार

नवी खोलीत आली होती. मावशीसाठी पत्र, पत्ता, घराचा रस्ता काढलेला कागद आणि हवा भरायची उशी. मावशीला कळवलंय म्हणाली, तुम्ही दोघींनी तिच्याकडेच राहायचं. निघताना दारात थांबून मला एकटीला म्हणाली, “पोचल्यावर आधी घरी जाऊ नका. तिला सरळ समुद्रावर ने. सकाळी ओहोटी आहे, खेकडे दिसतील.”

तिला स्वतःला दाखवायचा होता तो समुद्र. समजलं मला. आणि तरी मला काय वाटलं? ओहोटीच्या वेळा हिलाच कशा ठाऊक, हे वाटलं! माझं काही खरं नाही.

गप्प का आहे ही? मी असते तर आठ दिवस धुमसले असते. आणि एक टोमणा तरी मारलाच असता.

१३ मार्च, रविवार

निघतोय. अंडी उकडून झाली. नवी स्टेशनपर्यंत आली, चाकांची बॅग बुटकीला दिलीय. गाडी सुटताना प्लॅटफॉर्मवरून हात हलवत होती. बुटकी दिसेनाशी होईपर्यंत हलवत होती. मी वर चढून बर्थवर चादर पसरली.

१४ मार्च, सोमवार. गाडीत.

अक्षर हलतंय, गाडी हलतेय म्हणून.

दुपारी तिकीट तपासनीस आला. बुटकी खाली खिडकीशी, तिनं फाईल वर दिली, म्हणाली तिकीट काढ. तिकिटामागे एक दुमडलेला कागद होता. चारही कोपऱ्यांना चिकटपट्टीचे तुकडे. माझा कागद! कोंबडीचे पाय, दोनदा अधोरेखित केलेला शिक्का.

खाली वाकून विचारलं, हा कुठून आला? बुटकी म्हणाली, अगं, हा मी नवीला उतरवून घ्यायला दिला होता. तिला म्हटलं होतं दिवसबिवस काही बदलू नकोस, टाइमटेबलचं कधी चुकत नाही. त्या मंगळवारी रात्री ती फाईलमधून काढून फाडून टाकायला निघाली होती, कशाला काय माहीत. मीच घेतला तिच्याकडून, तुझ्या हातचा म्हणून.

उघडला. “सोमवार, १४ मार्च, संध्या. ६.” खाली, “मंगळवार, संध्या. ७, दुसरी गाडी.”

खरं वाटेना. ही वही काढली. मागे गेले, ६ फेब्रुवारीपर्यंत. तिथेही सोमवारच. अडतीस तास लिहिलेत त्याच ओळीत, माझ्याच हातानं. रविवार कुठेच नाही.

म्हणजे नवीनं त्या दिवशी खोलीत जाऊन हा कागद पाहिला होता. माझा चेहराही पाहिला होता. आणि मग म्हणाली ते.

महिनाभर तिचा हेवा केला. हसण्याचा, अक्षराचा, बॅगेचा. ते दोन शब्द तिला इतके सोपे कसे गेले, याचा हेवा आज वाटतोय, आणि हा काही केल्या जाणार नाही.

गाडी रखडलीय. जंक्शनला अजून एक रात्र. बुटकी खालून विचारतेय, एवढं काय लिहितेस गं?

वही खाली देतेय.